अल्फ लैलाची अशर्फी

गोष्टीच्या जगात काय वाटेल ते घडू शकते. बाटलीतून जिन बाहेर येतो, गालिचा आकाशात उडतो, माणसाचा दगड होतो आणि दगडाचा पुन्हा माणूस. परंतु याच जगातला हमाल ओझे उचलायचे झाले की मजुरी मागतो आणि दलाल आपली दलाली सोडत नाही. 'अल्फ लैला व लैला', म्हणजे एक हजार रात्री आणि एक रात्र, हा ग्रंथ वाचताना आमचे लक्ष पुन्हा पुन्हा या गोष्टीकडे गेले. या ग्रंथात राक्षस, पऱ्या आणि जादूगार यांची गर्दी आहे, पण नाणी मात्र खरी आहेत. दीनार, दिरहम, फलूस, अशर्फी ही सगळी कुठल्या ना कुठल्या टांकसाळीत पडलेली, कुणाच्या तरी हाताने पारखलेली नाणी आहेत.

आपल्या घरांतून हा ग्रंथ 'अलिफ लैला' या नावाने ओळखला जातो. मराठी वाचकांना तो एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या भाषांतरातून भेटला. पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी प्रतीवरून तो पुन्हा मराठीत आणला. 'सुरस व चमत्कारिक' हे शब्द आपल्या मनात असे काही रुजले, की या गोष्टींत इतिहासही आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही येथे त्या इतिहासाचा एकच धागा घेणार आहोत. तो धागा नाण्यांचा.

प्रथम या नाण्यांची कुळकथा पाहू. दीनार हा शब्द रोमन 'देनारियस'वरून आला, दिरहम ग्रीक 'द्राख्मा'वरून, आणि फलूसचे एकवचन 'फल्स' हे रोमनांच्या 'फोलिस'वरून. इस्लामच्या उदयकाळी मक्का-मदिनेच्या बाजारात रोमचे सोने आणि इराणचे रुपे चालत होते. कुरआनात दीनार आणि दिरहम ही दोन्ही नावे येतात. भावांनी टाकून दिलेल्या हजरत यूसुफ यांना मोजक्या दिरहमांवर विकले गेले, तो उल्लेख सर्वांच्या परिचयाचा आहे. सुरुवातीची काही दशके मुस्लिम राज्यकर्त्यांनीही जुन्याच धाटणीची नाणी पाडली. त्यांवर राजाचे चित्र असे, अग्निकुंड असे, कडेला अरबीत एखादा शब्द असे. उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ मध्ये (इ.स. ६९६-९७) ही परंपरा मोडली. त्याच्या नव्या दीनारावर चित्र नव्हते, दोन्ही बाजूंना फक्त अक्षरे होती. त्याचे वजन सव्वाचार ग्रॅम ठरले. दोन वर्षांनी दिरहमही त्याच पद्धतीने निघाला, सुमारे तीन ग्रॅम चांदीचा.

ही वजने आजही आपल्या व्यवहारात आहेत. जकातीचा सोन्याचा निसाब वीस दीनार आहे. वीस गुणिले सव्वाचार म्हणजे पंचाऐंशी ग्रॅम. आपल्याकडे साडेसात तोळे धरतात, तेही त्याच वीस दीनारांचे आपल्या मापातले रूप. दीनार बाजारातून कधीच उठला, पण दरवर्षी जकातीचा हिशेब करणारा माणूस नकळत अब्दुल मलिकच्या टांकसाळीशी बोलत असतो.

हे नाणे किती दूर गेले, याची कल्पना इंग्लंडमधल्या एका नाण्यावरून येते. मर्सिया या राज्याचा राजा ओफा याने आठव्या शतकाच्या उत्तरार्धात एक सोन्याचे नाणे पाडले. ते अब्बासी खलिफा मन्सूर याच्या हिजरी १५७च्या दीनाराची नक्कल आहे. त्यावर कलिमा आहे, आणि अरबी ओळींच्या मध्ये लॅटिन लिपीत 'राजा ओफा' असे लिहिले आहे. अरबी वाचता न येणाऱ्या कारागिराने ती अक्षरे उलटी बसवली. हे नाणे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९९९ मध्ये स्पिलिंग्ज येथे चौदा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला, त्यातली बहुतेक नाणी मुस्लिम देशांतली होती. सिंदबादच्या सफरी ज्यांना अतिशयोक्त वाटतात, त्यांनी दिरहमांच्या या सफरी पाहाव्यात.

सिंदबादच्या काळाचे अरब प्रवासी आपल्या किनाऱ्यावरही येत होते. इ.स. ८५१च्या सुमाराच्या एका अरबी वृत्तांतात 'बल्हारा' या राजाचे वर्णन आहे. बल्हारा म्हणजे वल्लभराज, आपले राष्ट्रकूट. त्याच्या राज्यात 'तातरी' दिरहम चालतात आणि त्यातला एक साध्या दीड दिरहमाच्या वजनाचा असतो, असे तो वृत्तांत सांगतो. मसऊदी हा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये सैमूर येथे, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या चौल येथे, आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सीराफ, ओमान, बसरा आणि बगदादचे लोक आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. बसऱ्याहून निघालेला सिंदबाद कल्पित असेल, बसऱ्याहून चौलला आलेला व्यापारी कल्पित नव्हता. आणि त्याच्या कमरेच्या कशात नाणी होती.

आता ग्रंथाकडे येऊ. अल्फ लैलाचे सर्वांत आवडते पात्र म्हणजे खलिफा हारून रशीद. त्याची कारकीर्द इ.स. ७८६ ते ८०९. रात्री वेष पालटून तो बगदादच्या गल्ल्यांतून फिरतो, बरोबर वजीर जाफर असतो. इतिहासातला जाफर बरमकी खरोखरच इतका मोठा होता, की हारूनच्या काळातल्या काही नाण्यांवर 'जाफर' हे नाव कोरलेले आढळते. त्याच जाफरचा हारूनने इ.स. ८०३ मध्ये शिरच्छेद करविला. गोष्टीत दोघे मित्र शतकानुशतके बरोबर फिरत राहिले. नाण्यावरून मात्र जाफरचे नाव गेले. गोष्टीला सोयीचे तेवढे आठवते, आणि नाणे ज्या वर्षी पडले त्या वर्षाचे होऊन राहते.

नाण्याचा हा गुण ध्यानात घेतला म्हणजे पुढची हकीकत नीट समजेल.

युरोपला अल्फ लैलाची ओळख करून दिली आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने. त्याच्या फ्रेंच भाषांतराचे बारा भाग १७०४ ते १७१७ या काळात निघाले. त्याच्यासमोर तीन भागांची एक अरबी हस्तलिखित प्रत होती. ती सीरियाकडची आहे आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेली आहे. ज्या प्रतींत गोष्टींचा मजकूर भरपूर आहे, त्यांतली ही सर्वांत जुनी. याहून जुना एक तुकडा शिकागोत आहे, त्यावर हिजरी २६६ची तारीख आहे, पण त्यात नाव आणि सुरुवातीच्या काही ओळी एवढेच हाती लागते. म्हणून गालाँच्या प्रतीचे वय किती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ही प्रत कधी लिहिली गेली हे कळले, तर आपण ज्याला हारूनचे बगदाद म्हणतो ते कोणी, कोठे आणि कधी रंगवले हेही कळेल.

मुहसिन महदी या इराकी विद्वानाने या प्रतीची चिकित्सक आवृत्ती १९८४ मध्ये लायडनहून प्रसिद्ध केली. त्यांनी प्रतीचा काळ चौदावे शतक ठरवला. पुढे १९९०च्या दशकात जर्मन अभ्यासक हाइन्झ ग्रोट्सफेल्ड यांनी एका नाण्याकडे बोट दाखवले. कुबड्याच्या प्रसिद्ध गोष्टमालिकेत 'अशरफी' दीनारांचा उल्लेख येतो. हे अशरफी दीनार म्हणजे मिसरचा ममलूक सुलतान अल-अशरफ बार्सबाई याने हिजरी ८२९ मध्ये (इ.स. १४२५) पाडलेली मोहोर, असे त्यांचे म्हणणे. नाणे पडण्याआधी त्याचे नाव कुणाच्या लेखणीतून उतरणार नाही. म्हणून प्रत १४२५ नंतरची, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली असली पाहिजे. 'अशरफ' हा किताब बार्सबाईच्या आधीही काही सुलतानांनी घेतला होता. अल-अशरफ खलील (१२९०-९३) हे त्यातले ठळक नाव. त्यामुळे वादाला जागा उरते. तरीही लोकांच्या तोंडी रुळलेली, देशोदेशी गेलेली अशर्फी ही बार्सबाईचीच, हे मान्य करावे लागते.

येथे एक सावधगिरी हवी. नाण्याचे नाव प्रतीचे वय सांगते, गोष्टीचे वय सांगत नाही. गोष्ट शंभर-दोनशे वर्षे आधीपासून सांगितली जात असेल, आणि उतरवून घेणाऱ्याने जुन्या नाण्याच्या जागी आपल्या खिशातल्या नाण्याचे नाव घातले असेल. आपली आजीसुद्धा राजाची गोष्ट सांगताना त्याला रुपये मोजायला लावतेच. लेखनिकाने कथेचा काळ बदलायचा म्हणून बदलला नाही. रोजच्या सवयीने त्याची लेखणी तेवढ्यापुरती घसरली आणि पाचशे-साडेपाचशे वर्षांनी ती घसरण साक्षीला उभी राहिली.

ही गोष्ट वाचताना आम्हाला असहाबे कहफ, म्हणजे गुहेतले तरुण, आठवले. दीर्घ निद्रेनंतर जागे झालेल्या त्या तरुणांनी आपल्यातल्या एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात अन्न आणायला पाठवले, एवढे कुरआन सांगते. तफसीरकारांनी पुढचा तपशील दिला आहे. दुकानदाराने ते नाणे उलटून पालटून पाहिले, त्यावर कधीच होऊन गेलेल्या राजाचा ठसा होता, आणि तरुणांना कळले की आपण एक रात्र झोपलो नसून कित्येक पिढ्या झोपलो. अलीबाबाच्या गोष्टीतही तेच. कासिमच्या बायकोने मापाच्या तळाला मेण लावले, त्याला एक मोहोर चिकटली, आणि अलीबाबाचे गुपित फुटले. माणसे लपवतात, काळ पुसतो, नाणे चिकटून राहते.

मग अशर्फी नेमके काय सांगते? बार्सबाईला हे नाणे का पाडावे लागले, ते पाहिले म्हणजे उत्तर मिळते. त्या काळी कैरोचा सोन्याचा दीनार वजनाने एकसारखा राहिला नव्हता. प्रत्येक व्यवहारात सराफाचा तराजू लागे. दुसरीकडे व्हेनिसचा डुकाट हा साडेतीन ग्रॅमचा, शुद्ध सोन्याचा आणि प्रत्येक नग सारखा. त्यावर संताची आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेल्या व्हेनिसच्या प्रमुखाची चित्रे होती, तरी कैरोच्या बाजाराने तो आनंदाने घेतला. बाजाराला चित्राशी देणेघेणे नव्हते, वजनाशी होते. अखेर सुलतानाने आपला दीनार डुकाटच्या वजनाला आणून बसवला आणि परकी नाणी हटवली. अशर्फी यशस्वी झाली. तिचे नाव इराणात गेले, हिंदुस्थानात आले, येथे मोगलांच्या जड मोहोरेलाही अशर्फी म्हणू लागले. पण तिचा जन्म व्हेनिसशी बरोबरी करण्याच्या निकडीतून झाला होता.

यातला योगायोग असा, की गालाँ हा स्वतः जुन्या नाण्यांचा जाणकार होता. तुर्की मुलखात हिंडून त्याने फ्रेंच दरबारासाठी नाणी आणि पदके जमवली होती. आपल्या भाषांतरात त्याने दीनाराच्या जागी 'सेक्विन' लिहिले. सेक्विन म्हणजे व्हेनिसचाच डुकाट. बार्सबाईने ज्या नाण्याला मिसरातून हाकलले, ते गालाँच्या लेखणीतून थेट हारूनच्या बगदादमध्ये जाऊन पोहोचले.

आता बाजारभाव पाहू. कुबड्याची मालिका घडते चीन देशात काशगरला, पण तेथला ख्रिस्ती दलाल आपली हकीकत सांगतो ती कैरोची. एक तरुण त्याच्याकडे तिळाचा नमुना घेऊन येतो. भाव शंभर दिरहमांना एक अर्दब, माल पन्नास अर्दब, दलाली दर अर्दबामागे दहा दिरहम. पाच हजारांतून पाचशे वजा जाऊन तरुणाचे साडेचार हजार राहतात. हा हिशेब कुठल्याही मोंढ्यातल्या अडत्याला तोंडपाठ असावा असा आहे. हाच तरुण एका स्त्रीच्या प्रेमात पडून रोज पन्नास दीनार उधळतो, कफल्लक होतो, आणि एका स्वाराची थैली मारतो. थैलीत दीनार निघतात वीस. त्याचा उजवा हात तोडला जातो. ज्या रकमेवर जकात सुरू होते, त्या रकमेवर एका व्यापाऱ्याच्या मुलाचा हात गेला. गोष्ट सांगणाऱ्याने हा आकडा मुद्दाम निवडला की सहज आला, हा भाग वेगळा. ऐकणाऱ्यांना त्याचे मोल ठाऊक होते.

याच मालिकेतली न्हाव्याच्या एका भावाची कथा अधिक बोचरी आहे. हा भाऊ खाटीक. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा रोज येतो आणि कोऱ्या, चकचकीत दिरहमांनी मांस घेतो. खाटीक ती सुंदर नाणी वेगळ्या पेटीत साठवतो. काही महिन्यांनी पेटी उघडतो तर आत कागदाच्या गोल चकत्या. तो म्हाताऱ्याला धरतो, तेव्हा म्हातारा जादूने लोकांना असे भासवतो की दुकानात माणसाचे मांस टांगले आहे. मार खातो खाटीक, डोळा गमावतो खाटीक, हद्दपार होतो खाटीक. म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही.

ही जादू इतिहासात घडलेली आहे. इराणचा मंगोल बादशहा गैखातू याने १२९४ मध्ये तबरीझला चिनी पद्धतीचा कागदी पैसा सक्तीने चालू केला. दुकाने बंद पडली, अन्नधान्य मिळेनासे झाले, आणि थोड्याच काळात तो मागे घ्यावा लागला. महंमद तुघलकाने १३३०च्या सुमारास तांबे-पितळेची नाणी टंक्याच्या भावाने चालवली. त्यांतली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीची आहेत. सुलतानाची आज्ञा मानणारा ईश्वराची आज्ञा मानतो, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर आहे. आज्ञा कोरली म्हणून तांब्याचे रुपे होत नाही. घरोघर नकली नाणी पडू लागली, आणि शेवटी सुलतानाने खजिना उघडून तांब्याच्या बदल्यात सोने-चांदी मोजली. तुघलकाच्या बाजूने एवढे म्हणता येते, की त्याने निदान भरपाई दिली. गोष्टीतल्या खाटकाला तीही मिळाली नाही.

कैरोच्या गरिबाचे काय झाले ते मकरीझीने (१३६४-१४४२) लिहून ठेवले आहे. तो काही काळ कैरोचा मुहतसिब, म्हणजे बाजाराचा देखरेख अधिकारी होता. १४०३ च्या सुमाराच्या दुष्काळानंतर त्याने लिहिलेल्या प्रबंधात महागाईची तीन कारणे दिली आहेत. लाच देऊन मिळवलेली सरकारी पदे, जमिनीचा चढता खंड, आणि अमाप पाडलेली तांब्याची फलूस. चांदीचा दिरहम बाजारातून नाहीसा झाला आणि मजुराच्या हातात तांबे राहिले. नील नदीचे पाणी कमी पडले हे निमित्त, कारण माणसांनी केलेला कारभार, असे तो स्पष्ट सांगतो. सहाशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने आपल्याच राज्यकर्त्यांवर केलेली ही टीका आम्हाला फार मोलाची वाटते.

या पार्श्वभूमीवर अल्फ लैला पुन्हा वाचून पाहावी. तिच्यात हजार-हजार दीनारांच्या थैल्या ज्या सढळपणे वाटल्या जातात, त्या ऐकणारी माणसे कोण होती? कैरो आणि दमास्कसच्या चौकांतून बसलेले कारागीर, हमाल, छोटे दुकानदार. त्यांच्या खिशात तांबे होते. त्यांना हारूनचे सोने हवे होते. आपल्या काळात न्याय दिसत नव्हता, म्हणून त्यांनी रात्री वेष पालटून न्याय करणारा खलिफा उभा केला. हारूनचे बगदाद हे बरेचसे त्यांच्या गरजेतून घडलेले शहर आहे.

आपल्या समाजात सुवर्णकाळाच्या आठवणी काढण्याची सवय आहे. सभांतून, जलशांतून बगदादचे वैभव सांगितले जाते, आणि ते ऐकून माणूस घरी जातो तो आहे तसाच. वैभव होते, हे ओफाचे नाणेही सांगते. पण ज्या चित्रावर आपण खूश होतो, त्यातला मोठा भाग दुःखी माणसांनी नंतर रंगवला आहे, हे अशर्फी सांगते. आपला इतिहास अभिमानासाठी वाचायचा, तर मकरीझीसारखे निर्भीड लोकही त्या अभिमानात धरले पाहिजेत. आणि इ.स. १२५० मध्ये सुमारे ऐंशी दिवस मिसरचे राज्य चालवून स्वतःच्या किताबाने दीनार पाडणारी शजरतुद्दुर हीसुद्धा धरली पाहिजे. गोष्टीतल्या शहरजादने जीव वाचवण्यासाठी रात्री जागवल्या. शजरतुद्दुरच्या नावाचा दीनार मात्र संग्रहालयात हाताने धरता येतो.

जाता जाता वाचकांना एक विनंती. कोकणात, दाभोळ-संगमेश्वरच्या पट्ट्यात, अली आदिलशहाच्या नावाच्या 'लारी' सापडतात. चांदीची तार दुमडून केलेले, केसांच्या आकड्यासारखे दिसणारे हे नाणे. नाव इराणातल्या लार शहराचे, ठसा विजापूरचा आणि चलन आपल्या बंदरांचे. पुष्कळ घरांत आजोबांच्या पेटीत अशी एखादी वाकडी तार, एखादा झिजलेला टंका, जुनी फलूस पडून असते. लग्नकार्य निघाले की ती सराफाकडे जाते आणि मोडीच्या भावात वितळते. वितळवण्याआधी ती कुणा जाणकाराला दाखवावी, निदान दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा. जमिनीत ठेवा सापडला तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, तेही जरूर करावे. आपल्या पूर्वजांनी रोजनिशा फारशा लिहिल्या नाहीत. त्यांच्या बाजाराचा, प्रवासाचा आणि कष्टाचा जो थोडा पुरावा आपल्या हाती आहे, तो अशा तुकड्यांवर कोरलेला आहे.